डांबरात काडीकचरा

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर मनसरच्या बाह्यवळणाला साधारण एक किलोमीटर लांबीचा एक तुकडा आहे. गाडी चालवताना तो कधी आला आणि कधी मागे पडला हे कळतही नाही. तोच काळा रंग, त्याच पांढऱ्या पट्ट्या. फरक आहे तो आतल्या डांबरात. या तुकड्यातल्या डांबराचा काही भाग खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यातून आलेलाच नाही. त्या जागी लिग्निन आहे, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याला ताठपणा देणारा पदार्थ. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दिल्लीच्या केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेबरोबर हा तुकडा तयार केला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण त्यात सहभागी होते आणि 21 डिसेंबर 2024 रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते या तुकड्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महामार्गावरचा जैव-डांबराचा देशातला पहिला तुकडा म्हणून तो जाहीर झाला.

अशा समारंभांत भाषणे होतात ती पराली, म्हणजे भाताचे काड, जाळण्यावर, दिल्लीच्या धुरावर आणि वाचणाऱ्या परकीय चलनावर. ते मुद्दे खोटे नाहीत. आपल्याला लागणाऱ्या डांबरापैकी जवळपास निम्मे बाहेरून येते, आणि त्यात 15 टक्के जैव-डांबर मिसळले तरी वर्षाला सुमारे 4500 कोटी रुपयांचे परकीय चलन वाचेल, असा हिशेब गडकरी यांनीच मांडला आहे. पण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याचा प्रश्न साधा असतो: रस्ता टिकतो का? काडीकचरा पोटात घेऊन तो दोन पावसाळ्यांत उखडणार असेल, तर कचऱ्याची विल्हेवाट लागली एवढेच म्हणायचे. म्हणून आधी डांबर म्हातारे का होते ते पाहू, आणि शेतातला कोणता पदार्थ त्यावर नेमके काय काम करतो, ते नंतर.

रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने सुमारे 95 टक्के खडी, ग्रिट आणि कच असते. डांबर जेमतेम पाच टक्के. शेंगदाण्याच्या चिक्कीत गुळाच्या पाकाचे जे काम, ते इथे डांबराचे: पाक कच्चा राहिला तर वडी हातात वाकते आणि पुढे गेला तर काचेसारखी तडकते. हॉटमिक्स प्लांटवर खडी आणि डांबर दीडशे अंशांच्या वर तापवून एकत्र केले जाते. ‘माल’ डंपरमधून येतो, पेव्हर तो पसरवतो आणि तो गरम आहे तोवर रोलर फिरवावा लागतो. प्लांटवरच जास्त तापवलेल्या मालाला कामावरची माणसे ‘जळका माल’ म्हणतात. त्याची चमक गेलेली असते, आणि असा थर पुढे लवकर फुटतो हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक असते.

डांबर हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात हलकी तेले असतात, ॲरोमॅटिक द्रव्ये असतात, राळेसारखी रेझिने असतात आणि अस्फाल्टीन नावाचे जड, घट्ट रेणू असतात. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता यांनी या चौघांचा तोल बिघडत जातो. ॲरोमॅटिक द्रव्यांची हळूहळू रेझिने होतात, रेझिनांची अस्फाल्टीने. आतला ओलावा सुकल्यासारखा थर कडक होतो. मग चाकाखाली तो लवचिकपणे दबून परत वर येत नाही, त्याला तडा जातो. हा तडा सुरुवातीला केसाएवढा असतो आणि दिसतही नाही.

ही झीज होण्याची वाट पाहायला वर्षे जातात, म्हणून प्रयोगशाळेत ती घाईने घडवून आणतात. काचेच्या बाटल्यांत डांबराचे नमुने घालून त्या 163 अंश सेल्सिअसच्या भट्टीत फिरवत ठेवतात. प्लांटवर तापवताना होणारी हानी त्यातून समजते. मग तेच डांबर सपाट थाळ्यांत ओतून बंद भांड्यात, वातावरणाच्या वीसपट दाबाच्या हवेत, शंभर अंशांच्या आसपास 20 तास ठेवतात. रस्त्यावरच्या काही वर्षांची झीज त्या 20 तासांत उतरते असे मानले जाते. जैव-डांबराची खरी परीक्षा इथून सुरू होते, कारण ताज्या नमुन्याचे आकडे जवळजवळ कोणालाही चांगले आणता येतात.

आता लिग्निन. झाडाचा सांगाडा मुख्यतः तीन पदार्थांचा असतो: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोन साखरेच्या साखळ्या आहेत. त्या आंबवून अल्कोहोल करता येते. लिग्निन साखरेचे नाही. ते फिनॉलच्या जातीच्या वलयांचे गुंतागुंतीचे जाळे आहे आणि ते सहजी कुजत नाही. उभे पीक वाऱ्यात ताठ राहते त्यात लिग्निनचा मोठा वाटा असतो. डांबरातही कार्बनी वलयांचीच गर्दी असते, त्यामुळे दोघांचे काही प्रमाणात जमते. पुरते जमत नाही, कारण लिग्निनमध्ये ऑक्सिजन बराच जास्त असतो आणि त्यातला काही भाग न विरघळता बारीक पुडीसारखा डांबरात तरंगत राहतो.

आपल्याला हवी ती गोष्ट त्या फिनॉल वलयांतच आहे. ही वलये ऑक्सिजनच्या आक्रमक कणांना स्वतःकडे ओढून गप्प करतात. याच गुणामुळे लिग्निन डांबराची झीज काहीशी मंदावू शकते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दुसरा परिणाम घट्टपणाचा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवेचे तापमान 45 अंशांच्या वर जाते, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या पुढे असतो. या उन्हात नरम डांबर जड ट्रकच्या चाकाखाली बाजूला सरकते आणि चाकोऱ्या पडतात. टोलनाक्याजवळ किंवा सिग्नलला, जिथे ट्रक ब्रेक लावून उभे राहतात, तिथे हे सहज दिसते. लिग्निन घातलेले डांबर उन्हात कमी सरकते. विदर्भाच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे. थंड प्रदेशात मात्र हाच घट्टपणा अंगाशी येतो: कडक डांबर थंडीने आकसताना तडकते. म्हणजे काश्मीरमध्ये आणि काटोलमध्ये एकच मिश्रण चालणार नाही.

लिग्निन येते कुठून? भाताच्या काडापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांत साखरेचा भाग आंबवून झाल्यावर ते गाळ म्हणून उरते. पानिपतला इंडियन ऑइलचा असा कारखाना ऑगस्ट 2022 मध्ये देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचे काड घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी तो उभारला आहे आणि त्याचे तंत्रज्ञानही प्राजचेच आहे. कागद गिरण्यांतूनही लिग्निन निघते, पण तिथे जपून राहावे लागते. लाकडाचा लगदा करण्याच्या एका पद्धतीत लिग्नोसल्फोनेट नावाचा जो पदार्थ उरतो, तो पाण्यात विरघळतो. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसवायला युरोप-अमेरिकेत त्याचा वापर फार जुना आहे, आणि पाऊस आला की तो धुऊन जातो हेही तितकेच जुने ज्ञान आहे. नावात ‘लिग्नो’ आहे म्हणून तो डांबरात घालायला गेलो तर कोकणातल्या पहिल्याच पावसात उत्तर मिळेल.

काड थेट वापरायचे झाले तर दुसरी वाट आहे. हवा न लागू देता ते 500 अंशांच्या आसपास तापवायचे. जळण्याऐवजी ते मोडते आणि त्यातून वाफा निघतात. त्या थंड केल्या की गडद, धुराच्या वासाचे जैवतेल मिळते. बाजूला कोळसा आणि वायू उरतात. या तेलाची एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे: त्यात पाणी असते, ते आम्लधर्मी असते, त्यात ऑक्सिजन खच्चून भरलेला असतो आणि ते स्वतःच लवकर म्हातारे होते. डांबराचे म्हातारपण लांबवायला आणलेला पाहुणा आधी स्वतः खंगतो. त्यामुळे हलका आणि आम्ल भाग काढून टाकून जड भागच वापरावा लागतो. केंद्रीय मार्ग संशोधन संस्था आणि डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था यांनी या वाटेने जैव-डांबर तयार केले असून मेघालयात जोराबाट-शिलाँग महामार्गावर त्याचा 100 मीटरचा प्रायोगिक तुकडा टाकला आहे. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्येच डी मॉइन शहरातल्या एका सायकलमार्गावर असे डांबर घातले होते.

आतापर्यंत बोललो ते घट्ट करणाऱ्या गोष्टींबद्दल. पण म्हाताऱ्या डांबराला हवे असते ते उलट, म्हणजे गेलेले तेल परत. महामार्गाचा वरचा थर हल्ली खरवडून काढतात. मिलिंग मशीन पुढे चालते आणि काळा चुरा डंपरमध्ये पडत जातो. त्या चुऱ्यात खडी उत्तम असते आणि डांबरही असते, फक्त कडक झालेले. त्यात योग्य तेल मिसळले तर तो पुन्हा वापरता येतो. पाइनच्या लाकडातून कागद करताना निघणारे तेल, सोयाबीनचे तेल आणि तळणाचे उरलेले तेल ही यासाठी परदेशांत बरीच अभ्यासलेली द्रव्ये आहेत. प्रमाण चुकले तर थर इतका नरम पडतो की चाकोऱ्या परत येतात, म्हणून तेल टक्क्याटक्क्याने मोजावे लागते.

तळणाचे तेल आपल्याकडे किती निघत असेल याची कल्पना कोणत्याही एसटी स्टँडासमोरच्या वडापावच्या गाडीवरून करता येईल. त्यातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचे नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे. असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही त्याच वर्षी आली. म्हणजे रस्त्याला हवे असलेले तेल डिझेललाही हवे आहे. सध्या तरी त्यातले बरेच तेल कढईतून काढून लहान टपरीवाल्याच्या कढईत जाते, हा भाग वेगळा.

याच धाग्यावरचे सर्वांत चमकदार काम ब्रिटनमधले आहे. स्वान्सी विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज यांतल्या संशोधकांनी चिलीतल्या सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग 2025 च्या सुरुवातीला जाहीर झाला. वनस्पतीपासून मिळणारे, केसाहून बारीक, सच्छिद्र कण घ्यायचे. त्यांत पुनर्वापरातले तेल भरायचे आणि ते डांबरात मिसळायचे. डांबराला सूक्ष्म तडा जाऊ लागला की त्याच्या वाटेतल्या कणातून तेल बाहेर येते, भोवतालचे डांबर सैल होते आणि तडा भरून येतो. प्रयोगशाळेत असा तडा तासाभराच्या आत मिटला. तडा सूक्ष्म असतानाच मिटवायचा ही कल्पना मला फार पटते. खड्डा पडल्यावर त्यात थंड माल ओतून फावड्याने थोपटण्याच्या आपल्या वार्षिक विधीपेक्षा ती कितीतरी स्वस्त ठरावी. पण प्रयोगशाळेतला तडा आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा तडा यांत एक फरक आहे, तो म्हणजे पाणी.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणी. खडीच्या पृष्ठभागाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त असते. पाणी फटीतून आत शिरले की ते डांबर आणि दगड यांच्यामध्ये घुसते आणि दगड उघडा पाडते. वरून चाक गेले की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि खडी सुटते. त्याचा खड्डा व्हायला मग फार दिवस लागत नाहीत. दख्खनचा काळा बेसॉल्ट या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा बरा, त्याला डांबर चांगले धरते. ही चिकटण्याची ताकद तपासायची एक सोपी रीत आहे. डांबर माखलेली खडी काचेच्या भांड्यात पाण्यात बुडवायची, 40 अंशांवर 24 तास ठेवायची आणि मग नुसत्या डोळ्यांनी अंदाज घ्यायचा की किती दगड उघडा पडला. काळ्या खड्यांवर पांढुरके डाग दिसू लागले की ते डांबर आपल्या पावसाला उपयोगाचे नाही.

जैव-डांबराची सर्वांत कठीण परीक्षा हीच. लिग्निन आणि जैवतेल या दोन्हींतला जादा ऑक्सिजन पाण्याशी सलगी करतो. काही मिश्रणे या कसोटीला नीट उतरतात, काही घसरतात. लिग्निन कोणत्या काडाचे, ते कसे वेगळे केले आणि किती घातले यावर सगळे अवलंबून असते. म्हणून ‘जैव-डांबर चांगले की वाईट’ हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो.

पाण्याविरुद्ध एक मदतनीस मात्र आपल्या कोकणात आणि गोव्यातच आहे. काजूच्या टरफलातले तेल. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, कारण हे टरफलाचे तेल कातडी सोलून काढते. त्यातल्या कार्डॅनॉल या द्रव्याचे एक टोक फिनॉलचे, म्हणजे ऑक्सिजनला अडवणारे, आणि दुसरीकडे 15 कार्बनांची लांब शेपटी, जी डांबरात सहज मिसळते. यापासून केलेली संयुगे डांबराला दगडाशी घट्ट धरून ठेवायला उपयोगी पडतात, आणि काजूचे मोठे उत्पादन घेणाऱ्या ब्राझीलमध्येही यावर संशोधन झाले आहे. ती लागतात फार थोडी. त्यामुळे यातून टरफलांचे ढीग संपतील असे कोणी समजू नये. कचरा किती संपला याच्या हिशेबात हे तेल बसणार नाही, रस्ता किती टिकला याच्या हिशेबात बसेल.

नवल असे की कचऱ्यातली किळसवाणी वाटणारी टोकेही याच शास्त्रात बसतात. अमेरिकेत एली फिनी या संशोधक बाईंनी डुकरांच्या विष्ठेपासून डांबराला जोड देणारे द्रव्य काढले. दाबाखाली ती तापवली की तिचे जड तेल होते. ऐकणारा नाक मुरडतो, पण मुळात डांबर काय आहे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा गाळ. जमिनीने जे काम सावकाश केले ते प्रयोगशाळा भांड्यात उरकते.

लिग्निनचा जरा लांब पल्ल्याचा अनुभव पाहायचा तर नेदरलँड्सकडे वळावे लागते. वाखेनिंगेन विद्यापीठाच्या पुढाकाराने तिथल्या झीलँड प्रांतात स्लाउस्किल गावी 2015 मध्ये पहिला तुकडा टाकला गेला. त्यात निम्म्या डांबराच्या जागी लिग्निन होते. दोन वर्षांनी विद्यापीठाच्या आवारातल्या सायकलमार्गावर तीन वेगवेगळ्या लिग्निनांचे तुकडे टाकून तुलना सुरू झाली. अशी तुलना सायकलमार्गावर करण्यात शहाणपणा आहे. आपण मनसरला एकदम श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गाच्या ट्रकखाली उडी घेतली. धाडस खरे, आणि एका अर्थी बरेही, कारण तिथे काय बिघडते ते लवकर कळेल.

पर्यावरणाच्या दाव्याचाही थोडा हिशेब करावा. या डांबराने हरितगृह वायूंचे उत्सर्जन किमान 70 टक्क्यांनी घटते, असे मनसरच्या वेळी सांगितले गेले. आता समजा डांबराचा 15 टक्के भागच बदलला, आणि 70 टक्क्यांची घट त्या भागापुरती धरली, तर एकूण डांबरातली घट साडेदहा टक्के होते. वाईट नाही, पण 70 ही नाही. शिवाय इथेनॉलच्या कारखान्यात लिग्निन आज वाया जात नाही. ते बहुधा बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज केली जाते. ते रस्त्याला दिले तर बॉयलरला दुसरे जळण शोधावे लागेल. ते काय असेल, यावर बराच हिशेब फिरतो.

महाराष्ट्रात काड्यांची वाण नाही, पण मोकळी पडलेली काडी दिसते त्यापेक्षा कमी आहे. उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीत जाते. भंडारा-गोंदियाचे तणस जनावरांना लागते, सोयाबीनचे कुटारही गोठ्यातच जाते. उरते ती विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची पऱ्हाटी. ती लाकडासारखी असते, लिग्निनही तिच्यात भरपूर, आणि वेचणी संपली की पुष्कळ शेतकरी ती धुऱ्यावर रचून पेटवून देतात. पंजाबच्या परालीसाठी भात काढणी आणि गहू पेरणी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडेच मिळतात. पऱ्हाटीला तशी घाई नसते. ती गोळा करणे मात्र जिकिरीचे: हलकी, फुगीर, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून दिसते आणि वजनाला काहीच भरत नाही. जवळपास तुकडे करणारी यंत्रे नसतील तर वाहतुकीतच सगळा फायदा जातो.

आणि हे सगळे जमले तरी शेवटी निविदा असते. ठेकेदार डांबर विकत घेतो ते भारतीय मानकातल्या प्रतीप्रमाणे. व्हीजी-30 म्हटले की 60 अंशांवरचा घट्टपणा 2400 ते 3600 पॉइज यांच्यामध्येच हवा. जैव-डांबर त्या चौकटीत बसवता येते, पण ते मानक खनिज डांबरासाठी आखलेले आहे. लिग्निनची बारीक पुडी तळाशी बसते का, टाकीत आठ दिवस तापत राहिले तर काय होते, हे प्रश्न त्यात नीट विचारलेलेच नाहीत. दोष दायित्वाच्या मुदतीत रस्ता उखडला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो, त्यामुळे कोणताही ठेकेदार नवे डांबर आपणहून घालणार नाही, आणि कोणताही कनिष्ठ अभियंता आपल्या सहीने ते घालू देणार नाही. यात त्यांची चूक नाही. चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर प्लास्टिक मिसळलेला रस्ता झाला 2002 मध्ये, मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीने. इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे छापली 2013 मध्ये. मनसरच्या तुकड्यातून दरवर्षी गाभे कापून त्यांचे निकाल उघडपणे मांडले गेले, तर जैव-डांबराला कदाचित अकरा वर्षे लागणार नाहीत.